लाईव्हमध्ये दादा आधीच पडला होता

हे लिहू की नको, असं करता करता बरेच महिने गेले. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर मजा म्हणून वाचत होतो. चकवा, हडळ, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... माझा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. भुताखेतांवर तर आजही नाही. आणि माझ्या बाबतीत जे झालं त्यात भूत नाहीच. भर दुपार होती, आजूबाजूला शेकडो माणसं होती, आणि जे झालं ते मोबाईलमध्ये झालं.

मी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज खारघरला. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. आईची शाळा चौथीत सुटली, बाबा कंटेनर यार्डात कामाला. आमचं गाव पनवेलजवळ, कोन गावाच्या थोडं पुढे. नाव मुद्दाम लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत — प्रकरण आत्ता कुठे शांत झालंय.

आमच्या भागात भातकापणी झाली की शेतं सपाट करून टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंट सुरू होतात. पहिलं बक्षीस बाईक, मॅन ऑफ द मॅचला बोकड. माझा मोठा भाऊ रुपेशदादा आमच्या टीमचा ओपनर. पूर्वी मॅच म्हणजे मैदानात जे असतील त्यांच्यापुरती. आता प्रत्येक मॅच लाईव्ह असते. हे काम माझा मित्र इरफान करतो. पनवेलच्या बाजारात त्यांचं दुकान आहे, त्याचे अब्बा कुवेतला असतात आणि कॅमेरा त्यांनीच पाठवलेला. इरफान कॉमेंट्री करतो, मी शेजारी बसून लॅपटॉपवर स्कोअर टाकतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लाईव्ह हे खरं तर लाईव्ह नसतं. चित्र कॅमेऱ्यातून निघून बघणाऱ्याच्या मोबाईलपर्यंत पोचायला अर्धा-पाऊण मिनिट जातं. दादाने सिक्स मारला की आधी मैदान ओरडायचं, आणि थोड्या वेळाने वडापावच्या गाडीवर ठेवलेल्या मोबाईलमधून तोच आरडाओरडा परत ऐकू यायचा. म्हणजे घरी बसलेला माणूस नेहमी मागे असतो. पुढे असूच शकत नाही.

लाईव्हमुळे सगळ्यात खूश झाली ती आई. आमच्याकडे बायका मॅचला जात नाहीत. दादा एवढी वर्षं खेळतोय, पण आईने त्याला बॅट हातात घेतलेलं पहिल्यांदा पाहिलं ते मोबाईलमध्ये. मीच तिला कसं लावायचं ते शिकवलं. पहिल्या दिवशी म्हणाली, "ह्यो रुपेश हाय? एवढासा? घरात तर बैलासारखा खातो." त्यानंतर तिने एकही मॅच सोडली नाही. चुलीवर आमटी, तांदळाच्या डब्याला टेकून दादाचा जुना मोबाईल.

मागच्या सीझनला एका टुर्नामेंटच्या सेमीफायनलमध्ये दादाने खाडीपलीकडच्या गावाच्या नीलेश नावाच्या बॉलरला सलग सिक्स मारले. शेवटच्या बॉलला नीलेशचा पाय घसरला आणि तो तोंडावर पडला. एवढंच. मैदानात लोक हसले, नीलेशही उठून हसला, दादाने त्याला हात दिला. पूर्वी हे तिथेच संपलं असतं.

पण कुणीतरी आमच्या लाईव्हमधून तेवढा तुकडा कापला. दादाने हात दिला ते काढून टाकलं. नीलेशला गाढवाचे कान लावले, खाली त्याच्या गावाचं नाव, मागे गाणं. कुणी केलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. ती रील आख्ख्या तालुक्यात फिरली. नीलेशचं लग्न जमत होतं, मुलीच्या भावानेच त्याला ती पाठवली म्हणे, हसण्याच्या चिन्हांसकट. पुढे ते लग्न फिस्कटलं. त्याच्या टीमनेही त्याला बाहेर बसवलं.

मग कॉमेंट सुरू झाल्या. आधी गावावरून, मग आईबहिणीवरून. मग एक दिवस आमच्या गावातल्या दोन पोरांना नीलेशच्या गावच्या पोरांनी पेट्रोल पंपाच्या मागे गाठलं आणि पट्ट्याने मारलं. एकाचा कान फाटला. त्याचाही व्हिडिओ आला. आमच्या पोरांनी करंजा बंदरावर मासळी आणायला गेलेल्या त्यांच्या एकाला धरलं, गुडघ्यावर बसवलं, कानफटात मारत मारत माफी मागायला लावली आणि तेही स्टेटसला टाकलं. मी तो व्हिडिओ पाहिलाय. मारणारे दोघेच होते, शूट करणारे पाच-सहा. त्या पोराच्या नाकातून रक्त येत होतं आणि कुणीतरी म्हणत होतं, "अरे तोंड इकडं कर, उन्हात दिसत नाय."

त्यातच पुढच्या टुर्नामेंटला आमची टीम फायनलला पोचली. मी दादाला म्हटलं, फायनलला जाऊ नकोस. समोर तीच टीम आहे.

"मी बनवली काय रील?" दादा म्हणाला.

"नाही, पण..."

"मग? घरात बसलो तर त्याचीपण रील बनंल. बांगड्या घालतील मला."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. इंग्रजी अक्षरांतल्या कॉमेंट तिला वाचता येत नाहीत, आणि आम्ही कुणी सांगितलं नाही.

फायनलच्या दिवशी आमची बॅटिंग संपली, दादाच्या फिफ्टीवर मैदान नाचत होतं. मधली सुट्टी झाली. दादा बाउंड्रीजवळ पाण्याच्या टाकीपाशी गेला. आमच्याकडे पाठ, ग्लोव्हज काखेत, डोक्यावरून पाणी ओतत होता. इरफानने कॅमेरा त्याच्यावरच ठेवला होता. मी स्कोअर भरत होतो तेवढ्यात आईचा फोन, तिच्या बटणवाल्या मोबाईलवरून. स्पीकरचा एवढा गोंगाट होता की फोन लाऊडवर टाकून कानाला लावला.

आई किंचाळत होती.

"अरं पळ ना! तो पडलाय! रगत थांबत नाय त्याचं!"

"कोण पडलं?"

"रुपेश! काळ्या शर्टवाल्यानं मागून बॅट घातली त्याच्या डोक्यात! आवाज आला मला... पांढरं दिसतंय रं, आतलं पांढरं दिसतंय... तू कुठं हायस? कुणी उचलत का नाय त्याला?"

मी मान वर करून पाहिलं. दादा टाकीपाशी उभा होता. ठणठणीत. बाटली झटकत होता.

"आई, दादा उभा आहे. मला समोर दिसतोय. तू जुनं काहीतरी लावलंयस."

"माझा पोर मेला रं..." ती म्हणाली. ओरडून नाही, एकदम हळू. तो आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता.

आणि तेव्हा टाकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडून नीलेश दादाच्या पाठीमागे बाहेर आला. अंगात टीमची जर्सी नव्हती. काळा टी-शर्ट होता. बॅट पायाला चिकटवून धरली होती, कुणाला दिसू नये अशी.

मी टेबलावरूनच उडी मारली. लॅपटॉप खाली पडला. इरफान माईकवरच "अबे कुठे?" म्हणाला, ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मी "दादा" म्हणून ओरडत होतो, पण डीजे चालू होता. नीलेशने दोन्ही हातांनी बॅट वर घेतली, लाकूड फोडताना घेतात तशी. मी दादाच्या पाठीवर जाऊन आदळलो आणि डावा हात वर केला, बस. कोपराच्या खाली बॅट बसली. सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. हाताकडे पाहिलं तर मनगट भलतीकडेच वळलेलं, आणि एका जागी हाड कातडीतून वर आलेलं. दुखलं नाही. तेव्हा नाही.

मग जे सुरू झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दोन्ही गावांची माणसं एकमेकांवर तुटून पडली. स्टंप उपटले, प्लास्टिकच्या खुर्च्या मोडून त्यांचे पाय घेतले. आमच्या विकेटकीपरच्या तोंडावर कुणीतरी हेल्मेट मारलं, तो दात हातात धरून बसला होता. कॅमेऱ्याचा स्टँड पडला. आणि सगळीकडे मोबाईल वर धरलेले.

दादाने नीलेशला खाली पाडलं होतं. त्याच्या छातीवर बसून बुक्क्या मारत होता. एक भुवई फुटली, मग ओठ. नीलेशने हात खाली टाकले होते, तरी दादा थांबत नव्हता. त्याच्या हाताला स्टंप लागला. जमिनीत रोवायचं लोखंडी टोक खाली करून त्याने तो वर उचलला. मी जवळच पडलो होतो. मला दादाचा चेहरा दिसत होता आणि तो माझ्या दादाचा नव्हता. बाजूचा एकजण ओरडला, "घाल! घाल! घेतोय मी!" — म्हणजे शूट घेत होता.

डीजे कधीच बंद पडला होता आणि माझा फोन शेजारीच गवतात पडला होता, लाऊडवरच. कट झाला नव्हता. त्यातून आईचा आवाज येत होता.

"माझा रुपेश जिता हाय काय? कुणीतरी बोला रं! जिता हाय काय तो?"

दादा तसाच थांबला. स्टंप वर, खाली नीलेशचं रक्ताने भरलेलं तोंड.

"आई," तो म्हणाला. "मी हाय."

 पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. दादाने स्टंप लांब फेकून दिला आणि नीलेशवरून उठला.

पुढचं तुम्हाला अंदाज येईल. पोलीस, हॉस्पिटल, माझ्या हाडात प्लेट, नीलेशला टाके. दोन्ही गावच्या जुन्या माणसांनी बसून मिटवलं. नीलेश जगला. पट्टी काढल्यावर तो आमच्या घरी आला होता. दादा आणि तो अंगणात बसले, आईने चहा दिला.

मी हॉस्पिटलमधून आल्यावर पहिलं काम केलं ते रेकॉर्डिंग बघण्याचं. त्यात सगळं जसं झालं तसंच आहे. दादा पाणी ओततो, मी धावत फ्रेममध्ये येतो, बॅट माझ्या हातावर बसते, कॅमेरा पडतो, मग नुसतं गवत. आईला दाखवलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि मान हलवली.

"हे नाय. मी हे नाय बघितलं."

"मग काय बघितलंस?"

"त्यात तू धावला नव्हतास," आई म्हणाली. "तू उशिरा आलास. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलास आणि त्याला ऊठ ऊठ बोलत होतास."

मी स्वतःला समजावलं की घाबरलेल्या बाईला भास झाला असेल. पण ती घाबरेल कशाला? तिला धमक्यांचं काही माहीतच नव्हतं. आणि काळा शर्ट? तो तर मलाही फोन आल्यानंतर दिसला.

तरी मी भासावरच थांबलो असतो. पण काही दिवसांनी इरफान घरी आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "अब्बांचा फोन आला होता. विचारत होते, त्या पोराची मय्यत कधी उचलली. मी म्हटलं, कुणाची? तर म्हणाले, तुझ्या दोस्ताच्या भावाची, मी लाईव्ह बघत होतो ना."

आम्ही दोघांनी मिळून त्या लाईव्हचा चॅट परत चालवून पाहिला. मॅचबरोबर कॉमेंट सरकत होत्या. बोकड कुणाला मिळणार, भावा जिंकलास, वगैरे. पडद्यावर दादा ठणठणीत उभा, ग्लोव्हज काढतोय, माझा कुठे पत्ता नाही. आणि त्याच वेळी बाजूला अब्बांच्या नावाने एक ओळ वर आली — "इन्ना लिल्लाह. अरे कोणीतरी त्याला चादर तरी घाला."

"इन्ना लिल्लाह" कुणी गेल्याचं कळलं की म्हणतात, हे मला इरफानने सांगितलं. बाकी कुणीच तसं काही लिहिलेलं नाही. शेकडो लोक बघत होते, आणि वेगळं दिसलं ते या दोघांनाच. आई आणि अब्बा एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. कॉलेजमधल्या एका सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, चॅटची वेळ चुकू शकते, सर्व्हरमध्ये गडबड होते. असेल. पण वेळ चुकली तरी वाक्य चुकत नाही. चादर घालावी असं त्या मैदानात काही झालंच नाही. मला जे शिकवलंय त्यात या गोष्टीला कुठेच जागा नाही, आणि जे शिकवलेलं नाही त्याबद्दल बोलायची माझी हिंमत नाही.

दादा अजून खेळतो. आई आता लाईव्ह लावत नाही, तो घरी आला की रेकॉर्डिंग बघते. रविवारी त्याला अंगणात बसवून डोक्याला तेल लावते, लहानपणी लावायची तसं. चोळता चोळता तिची बोटं मागच्या बाजूला, उजव्या कानाच्या वर एका जागी थांबतात आणि तिथे बराच वेळ तशीच राहतात. मी एकदा जवळ जाऊन पाहिलं. तिथे काहीच नाही. साधी खरचटल्याची खूणसुद्धा नाही. दादा कुरकुरतो, "आई, आटप ना." तरी ती बोटं उचलत नाही.