भावोजींचा कोल्हा

आमचे भावोजी बँकेत कारकून आणि घरात कायमचे विजेते. जेवणं झाली की हातसुद्धा त्यांनाच पहिला धुवायचा असतो.

ताईने मुलांसाठी फासे टाकून पटावर खेळायचा एक खेळ आणला. कोल्हा पोचायच्या आत सगळ्यांनी मिळून पिल्लं घरट्यात न्यायची, एवढंच.

"मग जिंकतं कोण?"

"सगळेच, बाबा," चार वर्षांची लेक म्हणाली.

"कसला मेंगळट खेळ!" असं म्हणत गृहस्थ कोल्ह्याच्या बाजूने उतरले, बोटाने हळूच फासा उलटवला आणि पोरीला रडवून मिशीला पीळ दिला. ही मर्दुमकी त्यांनी बँकेतही सांगितली.

पुढच्या रविवारी लेकीनेच फर्मावलं, "बाबा, तूच कोल्हा."

आम्ही सगळे एक झालो आणि पिल्लं सुखरूप घरट्यात पोचली. भावोजी पट उधळून बाल्कनीत जाऊन बसले. चाळिशीचा घोडा, पण समजूत काढायला कुणीही उठलं नाही. पोरगी पुन्हा पट मांडत होती.