माझं अनुमोदन आहे

गणपतराव गेल्याचं मला ह्यांच्याकडून कळलं. सकाळी पाळीला गेलेले हे दुपारच्या आतच परत आले, पायातले बूट न काढता दारात उभे राहिले आणि म्हणाले, "गणपतराव गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" ...शेजारचा माणूस गावी जातो, बाजाराला जातो, तसंच मला ते ऐकू आलं. दापोडीला बसची वाट बघत उभे होते, छातीत कळ आली म्हणून खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. मधल्या भिंतीपलीकडे त्यांच्या घरात स्टोव्ह फरफरत होता. त्यांच्या बायकोला, कुसुमला, अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. ते सांगायला मला जावं लागलं. तिच्या दारापर्यंतच्या एवढ्याशा वाटेत मला दुःखाच्या आधी लाज वाटली. आता महिना उलटून गेला, पण ती काही गेलेली नाही.

पिंपरीच्या माळावर कारखान्यानं क्वार्टर्स बांधली तेव्हा आम्ही सगळे नवे होतो. कोणी कोकणातलं, कोणी नगरकडचं, कोणी पुण्याच्या पेठांतून आलेलं. रस्त्याला दिवे नाहीत, गटारं उघडी, पावसाळ्यात घरात साप. अशा अडचणीतून आमचं रहिवासी मंडळ उभं राहिलं. सिमेंट ठेवायच्या रिकाम्या खोलीत रविवारी सभा भरायची. अध्यक्ष आप्पासाहेब कचेरीत हेडक्लार्क, आणि कायद्याचे भारी पक्के. ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा. सूचकानं ठराव मांडला आणि कोणी अनुमोदन दिलं नाही, तर तो चर्चेलाही यायचा नाही, तिथंच बारगळायचा. आणि बारगळला की बिचारा सूचक सगळ्यांसमोर उभ्याचा उभा राहायचा.

गणपतरावांना ते बघवत नसे. गडी मूळचा कुरुळीचा, घरची शेती भावाच्या ताब्यात देऊन कारखान्याच्या गोदामात लागलेला. भाषण-बिषण त्यांना जमायचं नाही. दाराजवळच्या खांबाला टेकून बसायचे, आणि आप्पासाहेबांनी "अनुमोदक?" असं विचारलं आणि कोणी हललं नाही, की तिथून आवाज यायचा, "माझं अनुमोदन हाय." ठराव कसला आहे, कोणाचा आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा एकानं मैदानाला कुंपण घालावं असा ठराव मांडला आणि त्याच सभेत दुसऱ्यानं कुंपण मुळीच घालू नये असा मांडला. गणपतरावांनी दोन्हींना अनुमोदन दिलं! सभेत हशा पिकला. वसाहतीत त्यांचं नावच 'अनुमोदन' पडलं. मीसुद्धा कुसुमला हाक मारायची, "अगं, तुझं अनुमोदन आलं का पाळीवरून?" मी एकदा त्यांना विचारलंही, "भावोजी, तुमचं स्वतःचं म्हणून काही मत आहे की नाही?" तर हसून म्हणाले, "वहिनी, मत काय, नंतर देता येतंय की. पर मानूस उभा ऱ्हाऊन बोलला, त्याला येकटं कसं पाडायचं?"

बायकांना मंडळाचं सभासद करून घ्यावं, हा ठराव ह्यांनी मांडला होता. मांडला कसला, मी पंधरा दिवस घरात डोकं खाल्लं म्हणून मांडावा लागला. त्या दिवशी खोलीत अशी काही शांतता पसरली की ह्यांचे कान लाल झालेले मला खिडकीतून दिसत होते. खांबाजवळून आवाज आला आणि ठराव चर्चेला आला, दोन सभा भांडणं होऊन एकदाचा पास झाला. तेव्हापासून आम्ही बायका मागं सतरंजीवर बसू लागलो. आम्हाला बोलायचा हक्क मिळाला तो या माणसामुळे. पुढचं सांगताना मला हे विसरता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंडळानं खटपट करून वसाहतीला दुसरा नळ आणला. आमच्या तारेच्या कुंपणापलीकडे बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या, आहेत. आमची क्वार्टर्स त्यांनीच बांधली, नव्या नळाचा चरही त्यांनीच खणला. त्यांच्या बायका मात्र पाणी आणायच्या ओढ्यातून. उन्हाळ्यात तिथं नुसतं हिरवं डबकं राहायचं. त्यांची लेकरं आजारी पडायला लागली. सोनाबाई नावाची एक बाई आमच्याकडे लाकडं फोडायला यायची. ती एकदा म्हणाली, "बाई, दुसरं लेकरू बी हगवनीनं अंथरुनाला लागलंय. नळाचं पानी द्यायला सांगा की कुनाला तरी." मी तिला साखर-मीठ दिलं आणि "बघते हं" म्हणाले. बघितलं काहीच नाही.

हे सगळं गणपतरावांच्याही कानावर गेलं असणार. त्या रविवारी ते खांबाजवळून उठून पहिल्यांदाच पुढं आले. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "दुपारच्याला आपल्या नळावर कोन नसतंय. दोन तास त्या झोपडीवाल्यांना पानी भरू द्यावं, येवढा ठराव हाय माझा." आप्पासाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "अनुमोदक?"

...कोणी उठलं नाही. जे त्यांच्यामुळे कधी ना कधी वाचले होते ते सगळे तिथंच होते. कुंपणवाला होता, कुंपण नको म्हणणारा होता. हे आपल्या नखांकडे बघत होते. पाणी कमी पडेल, रांगा लागतील, असं नंतर पुष्कळ जण बोलले. खरं कारण कोणी तोंडानं काढलं नाही. ती माणसं आमच्या घागरींजवळ यायला नको होती. मी सतरंजीवर सोनाबाईच्या लेकराला डोळ्यांपुढं घेऊन बसले होते, सभासद होते, आणि मी काय केलं तर पदर सारखा केला. आप्पासाहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ठराव बारगळला. पुढचा विषय." गणपतराव मान हलवून खांबाकडे परत गेले. पुढचा विषय गणपतीत लाऊडस्पीकर आणण्याचा होता. झाल्या प्रकारानं सगळे इतके ओशाळले होते की त्यालाही अनुमोदन द्यायला कोणाचं तोंड उघडेना. सूचक अवघडून उभा. तेव्हा खांबाजवळून तोच आवाज आला, "माझं हाय की."

त्या रात्री मी ह्यांच्यावर खूप चिडले. हे एवढंच म्हणाले, "तुला कोणी धरून ठेवलं होतं?" 

दुसऱ्या दिवसापासून गणपतराव पाळीवरून आले की कपडेही न बदलता दोन बादल्या भरून कुंपणाशी नेऊ लागले. पलीकडे बायका घागरी घेऊन उभ्या असत. तारेवरून बादली कलती करायची, घागर भरली की परत नळावर. वसाहतीत चेष्टा झाली, पाणक्या झाला म्हणून. एकदा नळावर माझी त्यांची गाठ पडली. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "भावोजी, दमत नाही का?" तर उलट मलाच धीर देत म्हणाले, "आमच्या घरच्या वाटनीचंच नेतोय, वहिनी. तुमच्या पान्याला काय कमी पडनार न्हाई." मला वाटलं ते टोमणा मारताहेत. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच वाटलं होतं की मला माझ्या पाण्याची काळजी आहे.

पवनेच्या काठी त्यांना नेलं तेव्हा झोपडीवालेही आले होते. ते रस्त्यापलीकडे उभे राहिले, असं हे सांगत होते. जवळ या असं त्यांना कोणी म्हटलं नाही. आता दुपारी कुसुम बादल्या नेते. मी दोनदा तिच्या मदतीला गेले, पण तिनं बादली हातात दिली नाही. "राहू द्या ताई," एवढंच म्हणाली, रागानं नाही.

गेल्या रविवारी सभा झाली. दोन मिनिटं उभं राहून झालं. मग मंडळाच्या खोलीत गणपतरावांची तसबीर लावावी असा ठराव आप्पासाहेबांनी स्वतःच वाचला, आणि अनुमोदनाला एवढे हात वर झाले की कोणाचं नाव लिहावं ते त्यांना कळेना. किती सोपं होतं ते! मी उठले. दुपारी दोन तास झोपडीवाल्यांना पाणी भरू द्यावं, एवढंच मी बोलले आणि उभी राहिले. आप्पासाहेबांनी चष्मा काढला. ह्यांच्याकडे मी बघितलं नाही, बघायची हिंमत झाली नाही. "अनुमोदक?" त्यांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. आणि मग काय झालं असेल... सगळ्या खोलीच्या माना एकदम दाराजवळच्या खांबाकडे वळल्या. माझीसुद्धा.