पंधरा दिवसांसाठी विरारला

"पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, पप्पा," असं मी स्कूटीवर बसूनच ओरडून सांगितलं. पप्पा वाडीतल्या बावखलाच्या पलीकडच्या काठावर उभे होते, तोंडाला रुमाल बांधून. मध्ये त्या तळ्याचं हिरवं साचलेलं पाणी. त्यांना दमा, मी कोविड वॉर्डातली नर्स. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जवळ येऊ नका म्हणून मीच त्यांना बजावलं होतं. त्यांनी हात वर केला आणि मी आमच्या गिरीज गावाहून निघाले ती थेट विरारला आले.

माझ्याबरोबर शिकलेल्या तुम्ही मैत्रिणी आयर्लंडला गेलात, कुवेतला गेलात. तुमच्या जाण्याला विमान होतं, निरोपाचे फोटो होते. माझं स्थलांतर स्कूटीवरून जेमतेम अर्ध्या तासाचं. हसा खुशाल. पण तुम्ही सुट्टीला येता तेव्हा महिनाभर आपल्या पलंगावर झोपता. मी त्या सकाळनंतर घरी एकदाही मुक्काम केलेला नाही.

हॉस्पिटलने आम्हा तिघी नर्सना जवळच एक फ्लॅट दिला. वॉर्डात माझ्याकडे एक जादा काम आलं. रोज दुपारी नातेवाइकांना फोन करून पेशंटची तब्येत कळवायची. माझा आवाज शांत आहे म्हणे. त्या फोनसाठी आमच्याकडे एक हुकमी शब्द होता, स्टेबल. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की कालच्यापेक्षा बिघडलं नाही. व्हेंटिलेटरवरचा माणूसही स्टेबल असतो. ऐकणारा मात्र 'सुधारतंय' असं ऐकतो. हे मला माहीत होतं. तरी मी तो वापरत राहिले, कारण तो ऐकला की लोक थँक्यू म्हणायचे आणि मला पुढचा नंबर लावता यायचा.

गास गावच्या एक बाई वॉर्डात होत्या. त्यांची मुलगी माझ्या फोनची वाट बघत बसायची. चार दिवस मी तिला स्टेबल सांगितलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मग सिस्टर, व्हिडिओ कॉल उद्या करू या का? आज झोपू दे मम्मीला." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या. मुलगी माझ्यावर चिडली नाही. तिने फक्त विचारलं, "सिस्टर, तुम्ही स्टेबल म्हणाला होतात ना?" 

त्या दिवसापासून तो शब्द मी टाकला. कालच्यापेक्षा वाईट नाहीत, पण बऱ्याही नाहीत, बोलायचं असेल तर आजच बोलून घ्या, असं सांगू लागले. एकाने माझी तक्रार केली, एक जण मला पनवती म्हणाला. पण लोक बोलले. मी पेशंटच्या कानाशी फोन धरून उभी राहायची आणि पलीकडून कुणीतरी सांगायचं की नातू चालायला लागलाय, मोटर दुरुस्त झालीय, काळजी करू नको. साथीत काय शिकलीस, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

आणि एवढं शिकून घरी काय केलं? पंधरा दिवसांचे महिने झाले, साथ ओसरली, बरोबरच्या दोघी परदेशी गेल्या. मी तोच फ्लॅट माझ्या नावावर भाड्याने घेतला, गॅस घेतला, पडदे शिवले. दर रविवारी मी भेटायला जायची, तेव्हा चर्चमधली मिस्सा झाल्यावर पप्पा विचारायचे, "आता राहायला कधी येतेस?" मी म्हणायची, "बघू, ड्युटीचं जमलं की." म्हणजे पप्पांनाही मी स्टेबलच सांगत होते. आणि ते बिचारे दर शनिवारी माझ्या पलंगावरची चादर बदलत होते.

खरं कारण सांगायची लाज वाटत होती. त्या घरात पप्पा खोकले की मी मनात त्यांचे श्वास मोजायला लागते. केळीच्या बुंध्याशी वाकून ते उभे राहिले की आधी ओठांचा रंग बघते. ते काहीतरी सांगत असतात, मला त्यातलं अर्धंही ऐकू येत नाही. तासाभरात तिथून पळावंसं वाटतं. विरारला पोचते न पोचते तोच त्यांना फोन करावासा वाटतो. बूड म्हणून कुठे टेकत नाही.

गेल्या रविवारी पप्पा रंगाच्या दुकानातलं कार्ड पुढ्यात घेऊन बसले होते. "तुझी खोली रंगवून घेतो. कुठला आवडतो बघ."

मी कार्ड हातात घेतलं आणि मिटलं. म्हटलं, "पप्पा, मी राहायला नाही येणार. ड्युटीचं काही नाही. इथे आले की मी तुमची मुलगी राहतच नाही, नर्स होते. घाबरून तुम्हाला नुसती बघत बसते."

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "मला कळत होतं गं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो." आणि कार्ड माझ्या हातातून घेत, "मग त्या खोलीत केळी पिकत घालू? पडवीत जागा पुरत नाही मला."

मी म्हटलं, "घाला."

वाईट वाटलं, खूप वाटलं. माझी खोली आता त्या घरात नाही, आणि तरी घर म्हटलं की मला तेच दिसतं. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून माझा पलंग बाहेर काढला, घड आत रचले. पप्पा आयुष्यभराच्या गोष्टी सांगत होते आणि मी ऐकत होते. उन्हं कलली तरी मला निघायचं सुचलं नाही.