चरबीची गाठ

माशांच्या बाजारात त्याच्याइतका साफ हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. माणसाएवढ्या माशाची कातडी तो अशी सोडवायचा, की आतल्या मांसाला ओरखडा म्हणून नाही. सुऱ्यांना धार स्वतःच लावायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. बाजाराने त्याचं नाव धारवाला ठेवलं ते ठेवलंच.

एकदा किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागला. सागरी प्रयोगशाळेचा कापणारा माणूस नेमका आजारी, म्हणून तिथल्या मॅडम बाजारात आल्या. त्यांना डॉल्फिनच्या कातडीखालचा चरबीचा थर अखंड काढून हवा होता. धारवाल्याने काढून दिला. मॅडमनी पुन्हा बोलावलं, मग पुन्हा, आणि होता होता तो तिथलाच झाला.

कामाचा त्याला कंटाळा नव्हता. पोलादी टेबल, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पाण्याची नळी. चरबीचा तुकडा प्लॅस्टिकला लागू द्यायचा नाही, ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदात गुंडाळून थेट बर्फाच्या कपाटात. वासाचं मात्र काही करता येत नसे. बायको त्याला मागच्या दारीच अडवायची. म्हणायची, "तुमच्या आधी तुमचा वास घरात येतो. आधी त्याला धुवा, मग तुम्ही या."

त्या चरबीचं पुढे काय होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आपण कापावं, बघणारे बघतील. पण एका वर्षी बंदराबाहेर नेहमी दिसणाऱ्या एका मादीचं पिल्लू मरून वाहत आलं. पाठोपाठ जाळ्यात गुदमरलेली ती मादीही आली. दोघांनाही त्यानेच कापलं. पिल्लू इतकं लहान होतं, की टेबलाचा अर्धा भागही भरला नाही.

तपासणीचा निकाल आला तेव्हा मॅडम चहा घेत होत्या. धारवाला बूट धूत होता. त्याने सहज विचारलं, "काय निघालं त्या मायलेकरांत?"

"जुनं विष," मॅडम म्हणाल्या. "विजेच्या यंत्रांतली तेलं, बंद झालेली कीटकनाशकं. ती पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. लहान माशातून मोठ्या माशात, मोठ्यातून डॉल्फिनमध्ये. नरात ती जन्मभर साठत जातात. मादीची मात्र कमी होतात."

"ती कशी काय?"

"दुधावाटे. डॉल्फिनचं दूध म्हणजे पातळ चरबीच. आईने वर्षानुवर्षं साठवलेलं पहिल्या पिल्लाच्या अंगात उतरतं. या पिल्लात आईपेक्षा जास्त निघालं."

धारवाल्याने पाण्याची नळी बंद केली. त्याची एकुलती एक मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिला सातवा महिना होता, पहिलाच. आणि ती लहानपणापासून मासे खाऊन वाढलेली; बाजारातला उत्तमातला उत्तम मासा बाप तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा.

त्या दिवसापासून त्याने मासे आणणं बंद केलं. बायकोने विचारलं तर म्हणाला, ताजे नव्हते. रोज कसे ताजे नसतील? पण मुलीशी दुधाबद्दल बोलायचं म्हणजे बापाने तोंड कसं उघडावं, हेच त्याला कळेना. ती जेवायला आली, की तिच्याकडे बघायचा आणि हवापाण्याच्या गोष्टी काढायचा. शेवटी त्याने दुधाच्या पावडरीचे डबे आणून कपाटावर चादरीमागे लपवून ठेवले. बायकोला ते सापडले. "मूल अजून पोटात आहे," ती म्हणाली, "आणि आजोबांनी दुकान थाटलं."

त्याच्या पाठीवर चरबीची एक गाठ होती. लिंबाएवढी, मऊ, कित्येक वर्षांची. दुखत नव्हती, खुपत नव्हती. डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं, असू द्या. आता तो उठून दवाखान्यात गेला आणि ती काढाच म्हणून हटून बसला.

बायकोला हसू आवरेना. "जन्मभर लोक म्हणत आले, याची चरबी उतरवली पाहिजे. शेवटी तुम्हीच उतरवून घ्यायला निघालात."

डॉक्टरांनी भूल देऊन गाठ काढली. एक तुकडा त्यांच्या तपासणीला गेला. धारवाल्याने पालथं पडल्या पडल्याच पिशवीतून चकचकीत कागद काढला आणि म्हणाला, "उरलेली यात बांधून द्या. प्लॅस्टिक नको." डॉक्टरांनी आधी त्याच्याकडे, मग परिचारिकेकडे पाहिलं. बऱ्याच वादावादीनंतर, सही घेऊन, दिली.

तो तसाच प्रयोगशाळेत पोचला. पुडी मॅडमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ही माझी. तपासणीच्या यंत्रात घाला."

"माणसाची चरबी अशी पुडीतून आणतात का?" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "परवानगी लागते. आणि कशासाठी?"

तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. मुलगी, मासे, लपवलेले डबे, सगळं सांगितलं. "मी आणि ती एकाच ताटातलं खात आलो. माझ्यात जेवढं असेल, तेवढं तिच्यात. पहिलं मूल आहे हो तिचं."

मॅडमनी पुडी उचलून बर्फाच्या कपाटात ठेवली. मग म्हणाल्या, "हे मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं. मुलीला घेऊन या."

मुलगी आली. बापाने तिला कशासाठी आणलंय, हे मॅडमकडून ऐकून ती आधी त्याच्यावरच चिडली. "बाबा, दोन महिने तुम्ही मला मासा देत नाही, आणि कारण हे? मला विचारायचं तरी."

"कसं विचारू?" तो खाली बघत म्हणाला.

मॅडमनी समजावलं. डॉल्फिन आयुष्यभर मासेच खातो, टनावारी. माणसाचं तसं नसतं. माणसाच्या दुधातही ही रसायनं थोडी उतरतात, कोणाच्याच दुधातून ती पूर्ण गेलेली नाहीत. पण दुधाचा फायदा त्याहून कितीतरी मोठा, म्हणून डॉक्टर पाजाच म्हणतात. मासेही खावेत, फक्त मोठे शिकारी मासे टाळून लहान खावेत.

"म्हणजे अजिबात नाही असं नाही," मुलगी म्हणाली.

"नाही. तसं मी सांगू शकत नाही."

"मग ठीक आहे. खरं कळलं ना," असं म्हणून ती उठली. जाताना तिने बापाच्या पाठीवरची पट्टी नीट केली.

तिला मुलगी झाली, धडधाकट. आईने तिला अंगावरच पाजलं. धारवाला तेव्हा खोलीबाहेर जाऊन बसायचा, पण आता चेहरा मोकळा असायचा. परवानगीचा कागद पुढे आला, गाठ यंत्रात गेली. तिच्यात तीच रसायनं निघाली, त्या मादीतली होती तीच. प्रमाण मात्र फारच कमी.

"तीच?" त्याने दोनदा विचारलं.

"तीच. बंदी आल्यापासून कमी होताहेत, पण हळूहळू. नातीच्या पोरांपर्यंत पुरतील."

त्याने मान हलवली आणि कामाला लागला. पुढे तो कितीतरी वर्षं कापत राहिला. पण आता टेबलावर मादी आली, की सुरी टेकवण्याआधी विचारायचा, "हिला पिल्लं झाली होती का?" आणि निकाल लागेपर्यंत मॅडमच्या मागे लागून राहायचा.