मेट्रनबाई आणि गवंड्याचा डावा पाय

माझी आत्या चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती, त्यातली शेवटची अकरा मेट्रन. रिटायर झाल्यावर वर्षभर तिने घरातल्यांच्याच ड्यूट्या लावल्या. मग एका रविवारी चर्चमध्ये निरोप वाचून दाखवला गेला, की परदेशात मिशनच्या एका दवाखान्याला तीन महिन्यांसाठी अनुभवी नर्स हवी आहे. आत्याने तिथल्या तिथे हात वर केला. तिच्या यजमानांनी त्याच दुपारी माळ्यावरून बॅग काढली, तीही जरा जास्तच उत्साहाने.

आपण गेल्या गेल्या ऑपरेशन थिएटर ताब्यात घेणार, असं तिच्या मनात होतं. बॅगेत कडक इस्त्रीचे चार पांढरे कोट होते. तिथली डॉक्टरीणबाई तिच्या मुलीपेक्षा लहान. तिने आत्याचं तोंड भरून स्वागत केलं आणि तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक खिडकी, एक बुटकं स्टूल, कोमट पाण्याचं घमेलं आणि टॉवेलांचा ढीग. मधुमेहाच्या रोग्यांचे पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, नखं कापायची आणि कुठे जखम दिसतेय का ते बघायचं, एवढंच काम.

त्या दिवशी फोनवर आत्याने आम्हाला सांगितलं, की तिला विभागप्रमुख केलंय. कोणत्या विभागाचं, ते सांगितलं नाही.

तिथल्या भाषेतला एकही शब्द तिला येत नव्हता. डॉक्टरीणबाईशी इंग्रजीतून भागायचं, रोग्यांशी ती सरळ मराठीत बोलायची.

तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारा गवंडी आला. उंच, अबोल. उजवा बूट त्याने गुमान काढला, डावा मात्र काढेना. तो पाय ठीक आहे, अजिबात दुखत नाही, असं त्याने डॉक्टरीणबाईकरवी सांगितलं. ‘दुखत नाही’ म्हटल्यावर आत्या ताठ झाली. साखरेने बधिर झालेला, म्हणून न दुखणारा पाय तिने आयुष्यभर पाहिला होता. तिने बूट दोन्ही हातांनी धरून ओढला. गवंड्याने खुर्ची घट्ट धरली. शेवटी बूट आत्याच्या हातात आला आणि आत्या स्टुलावरून खाली आली.

मोजा रक्ताने तळव्याला चिकटला होता. आत्याने बुटात हात घातला, तर तळातून एक स्क्रू आत टोक काढून उभा. चार दिवस गवंडी त्यावर चालत होता आणि त्याला पत्ता नव्हता. आणखी आठवडा गेला असता तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आत्याचा नियम लागू झाला. कुणीही येवो, आधी त्याचे बूट वर्तमानपत्रावर उपडे करायचे. खडे निघाले, बटणं निघाली. एका रिटायर मास्तरांच्या बुटातून कपाटाची किल्ली निघाली. ती त्यांनी दोन आठवडे शोधली होती आणि आळ सुनेवर घेतला होता.

गवंडी दिवसाआड पट्टी बदलायला यायचा. पाय टेकवायचा नाही, असं त्याला बजावलं होतं. तरी तो कामावर जायचाच, आणि पट्टीत सिमेंट सापडलं की आत्या सुरू व्हायची. तो मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचा. तीन महिने संपले तेव्हा जखम बोटाच्या पेराएवढी उरली होती. विभाग असा वाऱ्यावर सोडता येत नाही, असं आम्हाला कळवून आत्याने तिकीट पुढे ढकललं. यजमानांनी ही बातमी धीराने घेतली.

आणखी पाच आठवड्यांनी जखम भरली. शेवटच्या दिवशी गवंड्याने डॉक्टरीणबाईला विचारलं, की ही बाई इतके दिवस मला काय म्हणत होती?

तिने तो प्रश्न इंग्रजीतून आत्याला विचारला. आत्या खोटं बोलत नाही. “मी म्हणत होते, की याचा मेंदू गुडघ्यात आहे, आणि हा परत भिंतीवर चढला तर पायाऐवजी याचं तोंड बांधीन.”

डॉक्टरीणबाईने जरा विचार करून त्याला एकच छोटं वाक्य सांगितलं. गवंड्याने टोपी काढली, आत्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

तो गेल्यावर आत्याने विचारलं, “काय सांगितलंस त्याला?”

“तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करत होता, असं.”

आत्या ओले टॉवेल वाळत घालायला गेली. रोज सकाळी ती त्या डाव्या पायासाठी प्रार्थना करत होतीच, आणि तीही आम्हा सगळ्यांसाठी करायच्या आधी. हे तिनेच परत आल्यावर सांगितलं. आम्ही मनाला लावून घेतलं नाही.