बाद झालेली पट्टी

परवा न्हाणीघरातल्या फरशीचे सांधे भरायला आलेल्या माणसानं इपॉक्सी कालवलं आणि त्या उग्र वासासरशी मला गंगापूर रोडवरच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवली. तिथे मी इपॉक्सीत ग्राफीनची काळी पूड मिसळून कित्येक वर्षं साच्यात पट्ट्या ओतत आले आहे. चिमूटभर पूड सगळीकडे नीट पसरली की पट्टी कितीतरी मजबूत होते, पण गुठळ्या राहिल्या तर तडा नेमका तिथूनच जातो. एकदा वडील कळवणहून डाळिंबं घेऊन आले आणि जाताना एक पट्टी मागू लागले. चांगल्या पट्ट्या यंत्रात ताणून तोडायच्या होत्या, त्यामुळे बाद झालेलीच तेवढी देता येत होती. "बाबा, हिच्यात गुठळ्या राहिल्यात," मी सांगितलं. "तुझ्या हातची हाय ना, मंग बास," म्हणत त्यांनी ती रुमालात गुंडाळली. त्या आठवड्यात मी उरलेल्या सगळ्या तोडल्या, आकडेही छान आले. काही वर्षांनी वडील गेले. दहाव्यानंतर त्यांच्या कपाटात ती पट्टी सापडली, दोन तुकडे झालेली, चिकटपट्टीनं जोडलेली. आईनं सांगितलं, दूध डेअरीवर सगळ्यांना दाखवताना, लोखंडापेक्षा भारी हाय म्हणत, त्यांनी स्वतःच ती वाकवली होती. "तुला सांगू नको म्हणाले, पोरीला वाईट वाटंल," आई म्हणाली. आता मी दर खेपेला एक चांगली पट्टी न तोडता बाजूला ठेवते. मागायला मात्र कोणी येत नाही.