सात बिनमताचे सभासद

माझ्या बायकोनं नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हुरळलो मी. ती शांत आहे, मी तापट आणि उतावळा. अकरा वर्षं आम्ही जर्मनीत, नेकारसुल्मजवळच्या या छोट्या गावात राहतोय. मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, ती इथल्या किटात, म्हणजे बालवाडीत, शिक्षिका. किटा दुपारी दोनला बंद होते आणि नोकरी करणाऱ्या आयांचे हाल होतात, एवढ्या एका गोष्टीसाठी तिला नगरपालिकेत जायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं जर्मन नागरिकत्व घेतलं. मी नाही घेतलं. भारताचा पासपोर्ट परत करायचं माझ्या जिवावर येतं. त्यावरून ती मला चिडवते, "एअरपोर्टवर वेगळ्या रांगेत उभं राहायची हौस आहे तुला."

इथल्या एका पक्षात तिला ओढलं आमच्या टपालवाल्या बाईंनी. आता त्या निवृत्त आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. आम्ही नवे होतो तेव्हा परदेशी लोकांच्या ऑफिसातून, आउसलेंडरबेहोर्डेतून, पत्र आलं की त्या पेटीत न टाकता बेल वाजवून हातात देत. दारातच उभं राहून त्यातली जर्मन भाषा सोपी करून सांगत. माझ्या बायकोचा त्यांच्यावर फार जीव. आणि गंमत बघा, पक्षाच्या उमेदवारांच्या यादीतल्या चौथ्या जागेसाठी उभ्या राहिल्या दोघीच, ही आणि बाई. आमच्या गावातून त्या पक्षाचे जेमतेम चार जण निवडून येतात. म्हणजे चौथी जागा मिळाली तर मिळाली, पाचवीवर बसून फक्त फोटो छापून येतो.

"बाईंना सगळं गाव ओळखतं," ती म्हणाली. "मला आपल्या लोकांशिवाय कोण मत देणार? या लोकांचं येता-जाता हॅलो-त्श्यूस चालतं अकरा वर्षं, पण कागदावर माझं नाव लिहिताना हात आखडेल त्यांचा."

हे ती हसत म्हणाली, पण मला ते लागलं. तिला जागा हवी होती हे खरंच. त्याहून जास्त तिला हे जाणून घ्यायचं होतं की या गावात आपण नुसते राहतो की गावातले झालोय.

मग काय, मी लागलो कामाला. आमच्या महाराष्ट्रात तिकीट वरून येतं, खालच्याला कोण विचारतो? इथे तसं नाही. पक्षाचे गावातले सभासद बैठकीला जमतात आणि मतदान करून उमेदवार ठरवतात. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तो फोनवर म्हणाला, "आमच्या राज्यात तर सभासदही व्हावं लागत नाही. कुणीही उठून जातो आणि कुठल्याही एका पक्षाचा उमेदवार निवडायला मत देतो." मी म्हटलं, "तुमचं म्हणजे लग्नाचं जेवण झालं, आमंत्रण नसलं तरी पंगतीला बसा. आमच्याकडे शिस्त आहे. सभासद व्हा आणि मत द्या." इतकं सोपं! मी कारखान्यातल्या, आमच्या गावातच राहणाऱ्या सहा मराठी पोरांना रविवारी मिसळीला बोलावलं आणि दुसऱ्या वाटीच्या आत सहाही जणांचे अर्ज भरून घेतले. सातवा मी. बैठकीच्या आमंत्रणात दोन पानं बारीक अक्षरात नियम होते. कोण वाचतंय!

बैठक शनिवारी सकाळी अग्निशमन दलाच्या सभागृहात होती. आम्ही सातही जण इस्त्रीचे शर्ट घालून हजर. बायको उमेदवार म्हणून आधीच आत पुढे जाऊन बसली होती. दारात एक गृहस्थ यादी घेऊन बसले होते. त्यांनी आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र, मागितलं; मी माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आल्झो, असं आहे," ते अगदी प्रेमानं म्हणाले, "तुम्ही आमचे सभासद आहात. पक्षाचा अध्यक्ष निवडताना तुमचं मत चालतं. पण निवडणुकीचे उमेदवार फक्त तेच निवडू शकतात, ज्यांना त्या निवडणुकीत मतदान करता येतं. कायदा आहे. तुम्ही पाहुणे म्हणून बसा ना, कॉफी आहे."

माझ्या मागे सहा पोरं उभी. सहाही जण माझ्यासारखेच भारतीय पासपोर्टवाले! घ्या, हात दाखवून अवलक्षण. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. कर कापताना मी चालतो, बैठकीच्या खुर्च्या मांडायला चालतो, उमेदवार निवडायला तेवढा चालत नाही? त्या गृहस्थांशी भांडण्यात अर्थ नव्हता, नियम त्यांनी केला नव्हता. आणि खरं सांगायचं तर राग त्यांचा नव्हताच, माझ्या शहाणपणाचा होता. लोकांना मतदानाची पिवळी कार्डं मिळत होती, आम्ही सातजण सगळ्यात मागे पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसलो, एका जाड खांबाच्या आडोशाला.

तेवढ्यात तिनं मागे वळून पाहिलं. हातात भाषणाचा कागद होता. तिनं भुवया उंचावून विचारलं, सगळे आलात ना? मी काय करायला हवं होतं? उठून पुढे जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण म्हटलं, आत्ता सांगितलं तर बिचारी बोलायची नाही. मी मान डोलावली आणि अंगठा वर केला.

भाषण मात्र काय केलं तिनं! एका आईची गोष्ट सांगितली, जी रोज दोन वाजता धावत येते आणि रोज माफी मागते. जर्मनमध्ये व्याकरण दोनदा घसरलं, तिला पर्वा नव्हती. मला तिचा इतका अभिमान वाटला की माझ्या शेजारचं पोरगं म्हणालं, "दादा, टाळ्या जरा हळू." मग बाई बोलल्या, थोडक्यात, नेहमीच्या मिश्कीलपणे. पिवळ्या कार्डवाल्यांना चिठ्ठ्या वाटल्या, खोक्यात गोळा केल्या, टेबलावर मोजल्या.

बाईंना वीस. माझ्या बायकोला एकोणीस.

एका मतानं! बाईंनी तिला मिठी मारली, तिनंही हसून त्यांची पाठ थोपटली. पोरं कानकोंडी होऊन निघून गेली. मी गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच राहिलो. माझं एक मत असतं तरी बरोबरी झाली असती. त्या पासपोर्टचं माझं कौतुक मला त्या क्षणी नकोसं झालं.

ती शेजारी येऊन बसली, ती मात्र शांत होती. "बरं झालं बाई निवडून आल्या," म्हणाली. "वीस वर्षं पावसात पत्रकं वाटतायत. मीसुद्धा त्यांनाच मत दिलं."

"काय?" मी ओरडलोच. "अगं, कळतंय का तुला? ते एक मत स्वतःला दिलं असतंस तर वीस तुला झाली असती, एकोणीस बाईंना!"

"स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहायचं? शी, कसंतरीच वाटलं मला. वयानं मोठ्या बाई शेजारी बसलेल्या. आणि म्हटलं, तुम्ही सात जण आहातच की."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. दारातला नियम, पाहुण्यांची रांग, खोटा अंगठा. म्हटलं, "आमच्यातल्या एकाचंही मत पडलं नाही. चुकलं माझं. तेव्हाच सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस."

आता ही मला फाडून खाणार अशी माझी तयारी होती. पण ती समोर काचेतून बघत राहिली. सभागृहातून लोक बाहेर पडत होते. मला कारखान्यात कधी नमस्कार न करणारा एक उंच रंगारी, बेकरीतली कडक बाई, दोन म्हातारे भाऊ.

"थांब," ती म्हणाली. "तुम्ही कुणीच नाही? मी धरून चालले होते, सात आपली, बारा त्यांची."

"नाही गं. एकही आपलं नाही."

"मग ती एकोणीस?"

"सगळी यांची."

तिनं एकदा त्या लोकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एकोणीसच्या एकोणीस?" तिनं पुन्हा विचारलं, आणि निकाल ऐकून डोळ्यांत टिपूस न आणलेली माझी बायको तिथे, पार्किंगमध्ये, ढसाढसा रडायला लागली. बेकरीवाली बाई चालता चालता थांबली आणि काचेवर टकटक करून विचारू लागली, काय झालं म्हणून. हिनं काच खाली केली आणि रडतच तिचा हात धरला.